पाट्यावरचा भार

झाशीचं प्रेमनगर ही नगऱ्याला लागून असलेली रेल्वेवाल्यांची वस्ती. इंडियन मिडलंड रेल्वे १८८० च्या दशकाच्या अखेरीस झाशीत आली. १९०० मध्ये तिचा कारभार जीआयपी रेल्वेकडे गेला आणि मुंबईच्या बोरीबंदरचे हुकूम इथे चालू लागले.

कर्मचाऱ्याचा ‘रेझिलियन्स’, म्हणजे चिवटपणा, हा आज एचआरच्या शिबिरांतला शब्द. त्याचं मूळ मात्र झाशीतल्या वाघिणी दुरुस्तीच्या कारखान्यासारख्या जागीच नीट कळतं, कारण आधी तो माणसाचा नव्हे, वस्तूचा गुण होता. लॅटिनमध्ये अर्थ ‘उसळून मागे येणं’. १८०७ मध्ये टॉमस यंगने तो धक्का सोसण्याच्या ताकदीसाठी वापरला.

वाघिणीचा पाटा पाहा. पोलादी पट्ट्या एकावर एक रचून बांधलेल्या, त्यांना बाक दिलेला. वरून दाब देतात, दाब काढतात, बाक मोजतात. तो पुरता परत आला तर पाटा पास. नाहीतर पट्ट्या सोडवून पुन्हा भट्टीत, पुन्हा बाक, पुन्हा पाणी. पण कोणत्या पाट्यावर किती भार, हे आधीच ठरलेलं असतं. भार न सांगता पाट्याला कोणी कच्चा म्हणत नाही.

माणसाच्या बाबतीत नेमकं हेच सुटलं, आणि त्याच्याबरोबर आधारही. १९५५ मध्ये हवाईतल्या कवाई बेटावर जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक वर्षं मागोवा घेतला. हलाखीतूनही सावरलेल्या मुलांच्या पाठीशी बहुधा एखादं मायेचं माणूस होतं. शब्द कचेरीत आला तेव्हा ते पाठीशी असणं गळालं आणि ‘तग धर’ एवढंच उरलं. हा अन्याय आहे असं मला ठामपणे वाटतं.

रेल्वेत भार मोजण्याची रीत हा शब्द कचेरीत येण्याच्या कितीतरी आधी बसली होती. १९३० च्या कायद्याने कामाच्या तासांना मर्यादा आली. पुढे न्यायमूर्ती राजाध्यक्षांच्या १९४७ च्या निवाड्याने कामाचीच प्रतवारी केली. सतत लक्ष किंवा कष्ट लागणारं, उसंत न देणारं काम आठवड्याला ४५ तास. सर्वसाधारण सलग काम ५४. मधे बराच रिकामा वेळ असणारं ७५. चिवटपणाची इतकी प्रामाणिक व्याख्या मला दुसरीकडे सापडली नाही, आणि तिच्यात चिवटपणा हा शब्दही नाही.

२०१०-११ च्या भूकंपांनंतर न्यूझीलंडच्या अभ्यासकांनी कर्मचाऱ्याच्या या गुणाची व्याख्या केली, तेव्हा संस्थेचा आधार हा तिचाच भाग मानला. तेव्हा पुढच्या शिबिरात तुमचा चिवटपणा मोजायला प्रश्नावली हातात दिली, तर आधी आपल्या कामाचे तास आणि विश्रांतीचे तास तिच्यावर लिहून द्या.