बंदुकीवरची दुर्बीण आणि नेमबाजाचा डोळा

हिंगोली हे १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे ठाणे होते. कयाधू आणि पैनगंगेच्या काठची माळराने, औंढ्याकडचे डोंगर, काळविटांचे कळप, झाडीत वाघ. छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचा फावला वेळ कशात जात असेल हे सांगायला नको. त्या काळातली शिकारीची छायाचित्रे आपण पुस्तकांत पाहतो. पायाशी मेलेला वाघ, हातात जाड नळीची बंदूक. पण बंदुकीवर दुर्बीण क्वचितच दिसते. दुर्बीण तर १६०८ पासून माणसाच्या हाती होती. मग ती वाघाच्या बंदुकीवर का चढली नाही?

पहिले कारण प्रकाशशास्त्राचे. गॅलिलिओने वापरलेल्या दुर्बिणीत डोळ्याजवळचे भिंग अंतर्गोल असते. अशा दुर्बिणीला डोळा अगदी चिकटवावा लागतो, आणि आत कुठेही खरी प्रतिमा तयार होत नसल्याने नेम धरण्यासाठी तारांची फुली बसवायला जागाच मिळत नाही. केप्लरने १६११ मध्ये दोन बहिर्गोल भिंगांची रचना सुचवली. तिच्यात मध्ये खरी प्रतिमा मिळते. १६४० च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम गॅस्कॉइनने या प्रतिमेच्या जागी तार ताणली आणि दुर्बीण हे नेम धरण्याचे साधन झाले. कोळ्याच्या जाळ्याचा धागा आत आल्यामुळे त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. प्रतिमा उलटी दिसते, ती सरळ करायला आणखी भिंगे घालावी लागतात. पण मार्ग सापडला होता.

त्याचा पहिला मोठा फायदा खगोलशास्त्राला आणि जमीनमोजणीला झाला, आणि इथे आपल्या मुलखाचा संबंध येतो. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या तिघांनी १८४७ मध्ये लिहिलेला संयुक्त अहवाल हा मुंबई इलाख्यातल्या जमीनमोजणीचा पाया मानतात. पुढे निजामाच्या मुलखातही, म्हणजे हिंगोली परिसरातही, मोजणी झाली ती याच मुंबई पद्धतीने. आपल्या शेताचा सर्व्हे नंबर ही तिचीच देणगी. यांतला डेव्हिडसन हा मुंबई फौजेतला अधिकारी. हरणांच्या शिकारीसाठी त्याने बंदुकीवर दुर्बीण बसवून पाहिली, आणि निवृत्तीनंतर स्कॉटलंडमध्ये १८६२ मध्ये तिचे पेटंट घेतले. दख्खनच्या उघड्या माळावर काळवीट माणसाला जवळ येऊ देत नाही. तेव्हा ही कल्पना इथे रुजावी यात नवल नाही.

डेव्हिडसनची दुर्बीण गाजली मात्र अमेरिकेत. तिथल्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) दक्षिणेच्या निवडक नेमबाजांकडे व्हिटवर्थ बंदुका होत्या, आणि त्यांतल्या काहींच्या डाव्या अंगाला ही दुर्बीण बसवलेली होती. गोळी सुमारे ३४ ग्रॅमची, धक्का जबर. लढाईनंतर या नेमबाजांच्या डोळ्याभोवती काळे-निळे वळ उठलेले असत, कारण दुर्बिणीचे टोक डोळ्याला टेकवूनच नेम धरावा लागे. त्या वळांत आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

धक्क्याचा हिशेब नववीच्या वर्गात करता येतो. मोठ्या जनावरांसाठीची प्रसिद्ध .४७० बोअरची बंदूक घेऊ. (या विचित्र आकड्यालाही हिंदुस्थानचा इतिहास आहे. .४५० बोअरच्या गोळ्या बंडखोरांच्या मार्टिनी-हेन्री बंदुकांना उपयोगी पडतील या भीतीने सरकारने १९०७ च्या सुमारास ते माप इथे बंद केले, म्हणून .४६५, .४७० अशी मापे चालू झाली.) गोळी ३२ ग्रॅम, वेग सेकंदाला ६५० मीटर. संवेग ०.०३२ × ६५० म्हणजे सुमारे २१ एकक. गोळीमागून सुटणाऱ्या वायूंचे आणखी सुमारे ६ धरू. एकूण २७. तेवढाच संवेग बंदुकीला उलट दिशेने मिळतो. बंदूक ५ किलोची असेल तर ती सेकंदाला ५.४ मीटर वेगाने मागे येते. जोरात सायकल हाणणाऱ्या मुलाचा हा वेग. सरावाच्या .२२ बंदुकीचा असाच हिशेब केला तर वेग सेकंदाला ३० सेंटिमीटरही येत नाही. उर्जेची तुलना विद्यार्थ्यांना करू द्या. फरक पाचशे पटींहून जास्त निघेल.

आता दुर्बिणीकडे पाहू. हा वेग बंदुकीला साधारण २ सहस्रांश सेकंदात मिळतो, म्हणजे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २७५ पट. ४०० ग्रॅमची दुर्बीण बंदुकीबरोबर मागे ओढून न्यायची तर तिच्या पट्ट्यांवर जवळजवळ ११० किलो वजनाइतके बल पडते. दुर्बीण ७०० ग्रॅमची घेतली तर १९० किलो. तेव्हा जबर धक्क्याच्या बंदुकीवर मोठ्या तोंडाची, भारी भिंगांची दुर्बीण शोभेला ठीक, पण तिचे स्क्रू ढिले होतात आणि तारा जागच्या हलतात. जुन्या अमेरिकन कारागिरांनी दुर्बीण पट्ट्यांत सरकती ठेवून हा प्रश्न टाळला होता. बंदूक मागे जायची, दुर्बीण जडत्वाने जागेवर राहायची, आणि प्रत्येक बारानंतर ती हाताने मागे ओढावी लागायची. निशाण्याच्या मैदानावर हे चालते. समोर वाघ असताना कोण ओढत बसणार?

डोळ्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. दुर्बिणीतून निघालेला सगळा प्रकाश नेत्रिकेच्या मागे एका ठिकाणी लहान गोल चकतीत गोळा होतो, आणि डोळ्याची बाहुली तिथेच हवी. शाळेत द्विनेत्री असेल तर ती उजळ आकाशाकडे रोखा (सूर्याकडे मात्र कधीही नको) आणि नेत्रिकेमागे पातळ कागद धरून मागेपुढे सरकवा. चकती सर्वांत रेखीव दिसते ते अंतर मोजा. बहुतेक एक-दीड सेंटिमीटर भरेल. जबर धक्क्याच्या बंदुकीला हे अंतर ९ ते १० सेंटिमीटर लागते, कारण खांदा दबतो, बंदूक मागे येते आणि नळी वर उचलली जाते.

हे अंतर फुकट वाढत नाही. नेत्रिकेचा व्यास भागिले डोळ्याचे अंतर, आणि त्याला पुन्हा वर्धनाने भागले की दृष्टिक्षेत्र मिळते. व्यास ३६ मिलिमीटर, अंतर १०० मिलिमीटर आणि वर्धन ४ पट असेल तर उत्तर ०.०९ येते, म्हणजे १०० मीटरवर ९ मीटर रुंदीचा देखावा. वर्धन ९ पट केले तर फक्त ४ मीटर. अंगावर येणारे जनावर २० मीटरवर असेल तर या दुर्बिणीत ८० सेंटिमीटरचाच तुकडा दिसेल, आणि तो वाघाचा की गवताचा हे कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असेल. दीड पट वर्धनाला मात्र १०० मीटरवर २४ मीटर दिसतात. म्हणून माझ्या मते दुकानदार आधी वर्धन सांगतो तेव्हा तो उलट्या टोकापासून सुरुवात करतो. आधी डोळ्याचे अंतर, मग वजन, आणि वर्धन सर्वांत शेवटी. सरळ नळीची, २० मिलिमीटर तोंडाची, एक ते चार पटींची दुर्बीण या हिशेबात बसते. चार पटींनाही तिची चकती ५ मिलिमीटरची असते, संधिप्रकाशात विस्फारलेल्या बाहुलीला ती जवळपास पुरते.

अशा दुर्बिणी हाताशी आल्या तोवर आपल्याकडे शिकारीचे दिवस संपत आले होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाघावर दुर्बीण रोखली जाते ती बेशुद्धीच्या औषधाची सुई सोडण्यासाठी. ही सुई वायूच्या दाबाने मंद वेगाने जाते, धक्का नावापुरता असतो, त्यामुळे इथे साधी हलकी दुर्बीणही चालते. अडचण वेगळीच असते. मंद सुई वाटेत बरीच खाली येते, म्हणून अंतर अचूक ओळखावे लागते, आणि ती मांडीच्या जाड स्नायूतच बसावी लागते. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाला रेडिओ कॉलर बसवली होती. तो आदिलाबाद, नांदेड करत आपल्या हिंगोली जिल्ह्यातून गेला, आणि १३०० किलोमीटरहून अधिक चालून त्याच वर्षीच्या डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला.