विहाराच्या कपाटात कादंबरी हवी : बारामती-इंदापूरच्या तरुणांसाठी काही शिफारशी

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते. तीन महिने नेमाने वाचन चालते, आश्विन पौर्णिमेला सांगता होते, भोजनदान होते आणि पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लागते. त्याच सुमारास साखर कारखान्यांच्या हंगामाची तयारी सुरू होते आणि ते कपाट पुढच्या आषाढापर्यंत फारसे कोणी उघडत नाही.

या कपाटांत काय असते ते आम्ही कामाच्या निमित्ताने पाहत आलो आहोत. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड, वंदनेच्या पुस्तिका, दोन-चार आत्मकथने आणि विहाराला जोडून अभ्यासिका असेल तर स्पर्धा परीक्षांची जाडजूड गाइडे. कादंबरी क्वचितच सापडते. ती का ठेवावी आणि कोणती ठेवावी, यासाठी हा लेख आहे.

दोन आक्षेप हमखास येतात. पहिला ज्येष्ठांचा असतो. कादंबरी म्हणजे रचलेली गोष्ट, म्हणजे खोटे. मग पंचशीलातील चौथ्या शीलाचे काय? त्यावर आमचे म्हणणे असे की खोटे बोलणे म्हणजे समोरच्याला फसवणे. कादंबरी मुखपृष्ठावरच सांगते की मी कादंबरी आहे. शिवाय पालीतील ५४७ जातककथा आपल्याच परंपरेने जपल्या आहेत. दुर्गा भागवतांनी त्या ‘सिद्धार्थ जातक’ या नावाने मराठीत आणल्या. माकड, हत्ती, हरीण यांच्या तोंडून माणसाचा लोभ आणि करुणा सांगणाऱ्या परंपरेला कल्पित गोष्टीचे वावडे असायचे कारण नाही.

दुसरा आक्षेप परीक्षेच्या तयारीत असलेल्या मुलामुलींचा. वेळ कुठे आहे? तो खरा आहे आणि त्याला आमच्याकडे सोपे उत्तर नाही. एवढेच म्हणू की ज्याला उद्या तलाठी, ग्रामसेवक किंवा तहसीलदार व्हायचे आहे, त्याने त्या खुर्चीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पोटात काय कालवते हे कुठेतरी वाचलेले असावे. गाइडमध्ये ते मिळत नाही.

आत्मकथनांनी आपल्याला घडवले, यात वाद नाही. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले. नीरा नदी ओलांडली की फलटण तालुका लागतो. ‘जिणं आमुचं’ लिहिणाऱ्या बेबीताई कांबळे आणि ‘उपरा’चे लेखक लक्ष्मण माने तिथले. पण आत्मकथन लिहिणाऱ्याला जे दिसले आणि सोसावे लागले, त्याच्यापलीकडे त्याला जाता येत नाही. पाटलाच्या वाड्यात रात्री काय बोलणे झाले, मोर्चा येतोय म्हटल्यावर साहेबाच्या मनात काय चालले होते, चळवळीतून घरी परतणाऱ्या कार्यकर्त्याच्या बायकोला काय वाटत होते, तिथे कादंबरीकार शिरू शकतो. ज्या समाजाला व्यवस्था बदलायची आहे, त्याने व्यवस्थेतील सगळ्यांच्या डोक्यात डोकावून पाहिले पाहिजे. आमच्या मते कादंबरी वाचण्याचे हे सर्वांत मोठे कारण.

आपल्या मातीपासून सुरुवात

इंदापूरच्या वाचकाने विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’पासून सुरुवात करावी. १९९१ ची ही कादंबरी, १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार. विषय धरणग्रस्तांचा. लेखक स्वतः महसूल खात्यात अधिकारी होते, त्यामुळे नोटीस, पंचनामा, मोबदला, पुनर्वसनाच्या जमिनीसाठीचे हेलपाटे या गोष्टी त्यांनी आतून लिहिल्या आहेत. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. भिंत माढा तालुक्यात, पण भीमेचे पाणी इंदापूरच्या गावांवर पसरले. दुष्काळात पाणी ओसरले की जुन्या पळसदेवचे मंदिर वर येते, लोक फोटो काढायला जातात. भिगवणला रोहित पक्षी बघायला पुण्याहून गाड्या येतात. त्या पाण्याखाली घरे होती, वस्त्या होत्या, हे ज्या पोरांनी फक्त आजोबांकडून ऐकले आहे त्यांनी ‘झाडाझडती’ वाचावी आणि मग आजोबांना पुन्हा विचारावे. जमीन असलेल्याला जमिनीचा कागद तरी मिळतो; ज्याच्या नावावर काहीच नव्हते, त्याचे काय झाले, हा प्रश्न नक्की विचारावा. याच विषयावर कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ आहे, २०२३ ची साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त. ती आकाराने लहान आणि वळणाने वेगळी. विस्थापित माणूस आणि मागे राहिलेले जनावर यांच्या नात्यातून ती सगळे सांगते. आधी ‘झाडाझडती’ आणि लगेच ‘रिंगाण’ असा क्रम ठेवला तर एकाच दुःखाकडे दोन लेखक किती वेगळ्या अंगाने जातात ते कळते.

बारामतीकडे सहकारी कारखाने, शिक्षणसंस्था आणि निवडणुका यांशिवाय दोन माणसे पाच मिनिटे बोलू शकत नाहीत. त्यांच्यासाठी रंगनाथ पठारे यांची ‘ताम्रपट’. नगर जिल्ह्याच्या पार्श्वभूमीवर स्वातंत्र्यलढ्यापासून पुढच्या काही दशकांत त्याग कसा सत्तेत मुरतो आणि संस्था कोणाच्या हातात जातात, याचा हा मोठा पट आहे. १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. पुस्तक जाड आहे, पात्रे खूप आहेत. पहिली शंभर पाने नेट धरावा, मग आपल्याच तालुक्यातले चेहरे दिसू लागतात.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) एका बैठकीत संपते. माणदेशातील धनगरांची वाडी आणि तिथे आलेला तरुण शिक्षक. आपल्या दोन्ही तालुक्यांत धनगर समाज मोठा आहे. शेजाऱ्याची ओळख निवडणुकीच्या गणितापलीकडे व्हावी, म्हणून ही कादंबरी.

आपले लेखक, आपली माणसे

मराठीतील पहिली कादंबरी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, १८५७ ची, विधवांच्या दुःखावरची. तिथून शंभर वर्षे पुढे यावे तेव्हा १९५९ मध्ये अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ येते. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. गावकुसाबाहेरचा माणूस दयेचा विषय न राहता नायक होतो. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या वस्तीसाठी तो इंग्रज सरकारला अंगावर घेतो. विहारात ‘फकिरा’ वाचायची ठरली, तर शेजारच्या मातंग वस्तीतील मुलामुलींना बोलावूनच वाचा. जयंतीच्या मिरवणुका वेगवेगळ्या निघतात, पुस्तक तरी एकत्र वाचता येईल.

बाबुराव बागूल कथाकार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत, पण १९७० ची त्यांची ‘सूड’ ही लघुकादंबरी फार थोड्यांनी वाचलेली असते. एका अपमानित बाईचा संताप इतक्या जवळून लिहिलेला मराठीत विरळा. नामदेव ढसाळांचे ‘गोलपिठा’ पाठ असणारी पोरे भेटतात; त्यांच्या ‘हाडकी हाडवळा’ या कादंबरीचे नाव काढले की गप्प होतात. ढसाळ आपल्याच जिल्ह्यातले, खेड तालुक्यातील पूर गावचे. हाडकी, हाडवळा ही महार वतनाच्या जमिनींची नावे. या वतनाच्या गुलामीतून सुटका व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. सातबाऱ्यावरील वतन जमिनींचे वाद आजही आमच्याकडे येतात, तेव्हा घरातल्या तरुणाला वतन म्हणजे काय हे नीट सांगता येत नाही. कायद्याचे पुस्तक आणि ही कादंबरी दोन्ही शेजारी ठेवावीत.

अशोक व्हटकरांची ‘७२ मैल’ ही आत्मकथनाच्या अगदी जवळची कादंबरी. साताऱ्याच्या वसतिगृहातून पळालेला मुलगा पायी कोल्हापूरकडे निघतो आणि वाटेत लेकरांना घेऊन चाललेली राधाक्का भेटते. तिच्यावरचा सिनेमा २०१३ मध्ये आला, तो पाहिला असला तरी पुस्तक वाचा. शहरातील नव्या पिढीसाठी शिल्पा कांबळे यांची ‘निळ्या डोळ्यांची मुलगी’ सुचवतो. गावातील जातसंघर्षासाठी राजन गवस यांची ‘तणकट’, आणि देवाच्या नावाने मुली सोडण्याच्या प्रथेवर त्यांचीच ‘चौंडकं’.

महिला मंडळांनी आणि विशेषतः ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या भगिनींनी कविता महाजन यांची ‘ब्र’ (२००५) वाचावी. राखीव जागेवरून सरपंच झालेल्या बायका, त्यांच्या खुर्चीवर बसणारे नवरे आणि दीर, आणि हे सगळे पाहत फिरणारी संस्थेतील कार्यकर्ती. आमच्यासारख्या सामाजिक कार्यकर्त्यांनाही त्यात चिमटे आहेत. अनुदान, अहवाल आणि कार्यशाळा यांच्यावरची पाने आम्ही हसत हसत, पण जरा अवघडूनच वाचली.

इतिहास, भविष्य आणि भय

ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबऱ्या गावोगावच्या ग्रंथालयांत सर्वाधिक झिजलेल्या असतात. त्यांना नाक मुरडण्यात अर्थ नाही. तपासून वाचण्यात आहे. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) आपल्या अनेक तरुणांना भिडते, कारण सूतपुत्र म्हणून हिणवला गेलेला कर्ण त्यांना आपला वाटतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या. वाचक म्हणून आपण ज्या क्षणाची वाट पाहतो तो क्षण कर्ण कुंतीचा, म्हणजे जन्माने क्षत्रिय, असल्याचे उघड होण्याचा. अपमान चुकीचा होता, कारण तो ‘खरा’ सूत नव्हता, असा याचा अर्थ होतो. मग जो खरोखरच सूताच्या पोटी जन्मला त्याचे काय? वाचनमंडळात एक संपूर्ण संध्याकाळ या प्रश्नाला द्यावी. आणि उतारा म्हणून नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’ घ्यावी. अठराव्या शतकातील धामधूम एका बेरकी, साध्या माणसाच्या नजरेतून पाहिली की इतिहासातील पुतळे माणसांच्या उंचीवर येतात.

खरे यांचीच ‘उद्या’ ही भविष्याची कादंबरी. पाळत, पैसा आणि सत्ता एकत्र आल्यावर माणसाचे काय होते, ते ती सांगते. तिला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला, लेखकाने तो नाकारला. विज्ञान कादंबरीची पहिलीच ओळख असेल तर जयंत नारळीकरांची ‘प्रेषित’ किंवा ‘वामन परत न आला’ सोपी पडेल. कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी ‘वामन’ लिहिली गेली.

रहस्य आणि भय हा प्रकार आमच्या सुशिक्षित मित्रांना यादीत नको असतो. आम्हाला हवा आहे. ज्याला वाचनाची सवयच नाही, त्याच्या हातात थेट ‘ताम्रपट’ देणे म्हणजे पोहायला शिकवण्यासाठी उजनीत ढकलणे. बाबुराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहून सामान्य माणसाला वाचनाची गोडी लावली. नारायण धारपांची ‘लुचाई’ रात्री वाचून पाहा. फक्त त्यांच्या ‘समर्थ’ मालिकेत संकट नेहमी अलौकिक शक्तीच्या बळावर दूर होते, ते बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी लक्षात ठेवून वाचावे. भूत नाही हे पक्के ठाऊक असूनही अंगावर काटा का येतो, हा मानसशास्त्राचा चांगला प्रश्न आहे.

बाहेरच्या जगातील दोन पुस्तके

हेर्मान हेस्से या जर्मन लेखकाची ‘सिद्धार्थ’ (१९२२) बुद्धचरित्र समजून अनेकजण विकत घेतात. ते बुद्धचरित्र नाही. तिचा नायक बुद्धकाळातील एक ब्राह्मणपुत्र आहे. तो गौतम बुद्धांना भेटतो, नमन करतो आणि संघात न जाता स्वतःच्या वाटेने निघतो. त्याचा मित्र गोविंद मात्र संघात राहतो. पुस्तक सुंदर आहे, पण तिथे मुक्ती हा एकट्याचा शोध आहे. संघ आणि समाज यांना बाबासाहेबांनी धम्मात जे स्थान दिले ते इथे सापडणार नाही. याच फरकावर चर्चा रंगते.

नायजेरियाचे चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) आम्ही सर्वांत आग्रहाने सुचवतो. ईग्बो समाजातील एका गावात मिशनरी येतात आणि जुने जग मोडते, एवढीच गोष्ट सहसा सांगितली जाते. पण त्या गावात ‘ओसू’ नावाचे बहिष्कृत लोक आहेत. त्यांनी इतरांशी लग्न करायचे नाही, केस कापायचे नाहीत, त्यांना वेगळे पुरायचे. ते चर्चमध्ये येतात तेव्हा आधी आलेले धर्मांतरित लोकच कुरकुर करतात. धर्मोपदेशक ठाम राहतो आणि ओसूंना सांगतो, आधी डोक्यावरची ती केसांची खूण काढून टाका. ती पाने वाचताना १९५६ चे नागपूर डोळ्यांसमोर येते. कादंबरी गावाचा नायक ओकोंक्वो याच्या बाजूने बांधलेली असूनही ओसूंचे दार लेखकाने उघडे ठेवले आहे. ज्यांच्यासाठी जुने जग मोडणे हे संकट नसून सुटका होती, तेही त्या गावात होते. इंग्रजी सोपे आहे, पदवीच्या विद्यार्थ्याला झेपेल.

कसे वाचावे

सहा ते आठ जण पुरेत. महिन्याला एक कादंबरी, दोन प्रती. एमआयडीसीतील पाळ्यांमुळे रविवार सगळ्यांना जमत नाही, त्यामुळे दिवस आधी ठरवून घ्यावा. महिलांसाठी दुपारची वेळ बरी. सगळी पुस्तके विकत घ्यायची गरज नाही. १९६७ च्या कायद्यानुसार मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालये तालुक्यात आहेत. तिथले सभासद व्हा आणि हवी ती नावे लेखी कळवा. चार-पाच सभासदांनी एकच नाव मागितले, तर पुढच्या खरेदीत ते धरले जाण्याची शक्यता वाढते.

प्रत्येक कादंबरीला तीन प्रश्न विचारा. यात आपली वस्ती कुठे आहे? नसेल तर का नाही? आणि असेल तर ती बोलते का, की तिच्याबद्दल दुसरेच बोलतात? यंदाच्या आश्विन पौर्णिमेला सांगता झाली की इंदापूरकडच्या मंडळांनी ‘झाडाझडती’ आणि बारामतीकडच्यांनी ‘फकिरा’ काढावी. ‘ताम्रपट’ संक्रांतीनंतर, रात्री अजून मोठ्या असतात तेव्हा.