गुराबांची डूब : मराठी आरमाराच्या अभ्यासातील एक दुर्लक्षित अंग

पुण्याच्या सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वास्तूत बसून आरमारविषयक मराठी कागद वाचणाऱ्या अभ्यासकाला 'खंडी' हा शब्द पदोपदी भेटतो. अमुक खंडींचे गलबत, तमुक खंडींचा मचवा. घाटमाथ्यावरच्या वाचकाच्या मनात खंडी म्हणजे धान्याचे माप, आणि म्हणून तो हा आकडा जहाजाच्या पोटात किती माल राहतो एवढ्याच अर्थाने घेतो व पुढे जातो. परंतु तांडेलाच्या दृष्टीने त्याच आकड्याचा दुसरा, अधिक निकडीचा अर्थ होता : एवढा भार घेतल्यावर गलबत पाण्यात किती बुडेल, आणि तेवढे बुडालेले गलबत कोणत्या खाडीत शिरू शकेल? 1910 साली मंडळ स्थापन झाल्यापासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने विपुल प्रसिद्ध झाली. आरमाराविषयी सुरेंद्रनाथ सेन यांच्यापासून डॉ. भा. कृ. आपटे यांच्यापर्यंत विद्वानांनी साक्षेपाने लिहिले. तथापि तोफांची मोजदाद जेवढ्या आस्थेने झाली तेवढी पाण्याच्या खोलीची झाली नाही.

जहाजाचा तळ पाण्याच्या पृष्ठभागाखाली जितका खोल जातो त्या खोलीस येथे 'डूब' म्हटले आहे. आरमाराची परिभाषा बव्हंशी समुद्रापलीकडून आलेली आहे. 'आरमार' हा शब्द पोर्तुगीज आर्मादापासून, 'गुराब' हा कावळा या अर्थाच्या अरबी शब्दापासून, 'नाखवा' फारसी नाखुदापासून आणि 'सुकाणू' अरबी सुक्कानपासून आला. 'डूब' मात्र घरचा शब्द आहे. ज्या गोष्टीचा अनुभव किनाऱ्यावरच्या माणसाला रोज येत होता, तिच्यासाठी त्याला शब्द उसना आणावा लागला नाही.

डूब हा जहाजाचा कायमचा गुण नव्हे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. लांबी आणि रुंदी सुतार ठरवितो, डूब मात्र दर फेरीस बदलते. जहाज आपल्या एकूण वजनाइतके पाणी बाजूस सारते, हा आर्किमिडीजचा नियम. भार वाढला की अधिक पाणी सारावे लागते, म्हणजेच अधिक खाली जावे लागते. किती खाली, हे पाण्याच्या रेषेवर जहाजाने व्यापलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. उदाहरणादाखल पाण्याच्या रेषेवर 25 मीटर लांब व 8 मीटर रुंद अशी एक गुराब कल्पिली, आणि तिची दोन्ही टोके निमुळती असल्यामुळे हे क्षेत्रफळ 140 चौरस मीटर धरले, तर ती एक सेंटिमीटर खाली जाण्यास समुद्राच्या पाण्यात सुमारे 1.4 टन भार लागेल. त्यावर तोफा, गोळे, पिण्याचे पाणी व माणसे मिळून 15 टनांची भर पडली तर ती साडेदहा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरापेक्षा निम्म्याने, खाली जाईल. याच वजनाची पण अर्ध्या क्षेत्रफळाची अरुंद नौका त्याच भाराने दुप्पट खाली जाते. रुंद नौकेचा हा मोठा लाभ होय.

पाण्याच्या जातीचा परिणाम याहून सूक्ष्म आहे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जड असते. त्यामुळे तेच जहाज गोड्या पाण्यात थोडे अधिक बुडते. वरील गुराबेचे भारासह एकूण वजन 200 टन धरले तर ती समुद्रात सुमारे 195 घनमीटर आणि नदीत 200 घनमीटर पाणी सारील. हा पाच घनमीटरांचा फरक तिच्या क्षेत्रफळावर पसरला म्हणजे साडेतीन सेंटिमीटर होतो : जेमतेम दोन बोटे. खाडीतील मचूळ पाण्यात तो याहूनही कमी. आधुनिक नौकानयनाने या दोन बोटांची दखल घेतली आहे. ब्रिटनमध्ये 1876च्या कायद्याने भाररेषा सक्तीची झाली, 1930 साली तीस आंतरराष्ट्रीय कराराचे रूप आले, आणि आज जहाजाच्या कुशीवर गोड्या पाण्यासाठी निराळी, किंचित वरची रेघ रंगविलेली असते.

या दोन बोटांना कोकणच्या इतिहासात किती महत्त्व द्यावे? युद्धाच्या बाबतीत फार देऊ नये. खाड्यांना खरोखर गोडे पाणी येते ते पावसाळ्यात, आणि त्या महिन्यांत आरमार मुळी पाण्यात नसेच. गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारली जात, आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होऊ लागल्यावर पुन्हा उतरविली जात. शिवाय भरती-ओहोटीपुढे दोन बोटांची काय कथा? मुंबईजवळ उधाणाच्या भरतीचा चढउतार चार मीटरांपलीकडे जातो. दक्षिणेकडे तो कमी होत जातो खरा, परंतु तेथेही तो सेंटिमीटरांत मोजण्याजोगा राहत नाही. भांगाच्या दिवशी जी खाडी बंद, ती उधाणाच्या दिवशी खुली, असा हा व्यवहार होता.

व्यापाराची गोष्ट थोडी निराळी आहे. कोकणातील जुनी पेठांची गावे समुद्रावर नसून खाडीच्या माथ्याशी आहेत : उल्हासेवर कल्याण, सावित्रीवर महाड, वाशिष्ठीवर चिपळूण, अर्जुनेवर राजापूर. भरतीचे पाणी जेथवर पोहोचते आणि घाटावरून आलेला बैल जेथवर उतरतो, तेथे या पेठा वसल्या. अशा ठिकाणी भरलेला पडाव गोड्या वा मचूळ पाण्यातून समुद्राकडे जाताना किंचित वर उचलला जाई. उलट खाऱ्या पाण्यात काठोकाठ भरलेले गलबत वर येताना पाणी उथळ होत जाई आणि त्याची डूबही त्याच वेळी वाढे. मोठी गलबते खाडीच्या मुखाशी, राजापूरच्या बाबतीत जैतापुराशी, थांबवून माल लहान होड्यांत उतरविण्याची जी वहिवाट होती, तिचे मुख्य कारण गाळ हेच होय. पाण्याचा गोडवा हे फार तर तिचे दुय्यम कारण म्हणता येईल.

आता लढाऊ नौकांकडे वळू. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने, ज्याचा ग्रंथ 1763पासून प्रसिद्ध होऊ लागला, आंग्र्यांच्या नौकांचे जे वर्णन केले आहे ते या दृष्टीने फार मोलाचे आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे तीन डोलकाठ्यांच्या गुराबा सुमारे 300 टनांच्या, तर दोन डोलकाठ्यांच्या 150 टनांपर्यंतच्या असत. लांबीच्या मानाने त्या फार रुंद असून त्यांना पाणी अगदी थोडे लागे, हे तो मुद्दाम नोंदवितो. गलबते 70 टनांपर्यंतची, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा पडला की हीच गलबते गुराबांना ओढून नेत. 1715-16च्या सुमाराच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी गुराबा फार थोर नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात, आणि वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरणारी मोठी जहाजे बांधू नयेत, असा जो दंडक घालून दिला आहे, त्याचा उलगडा काटकसरीने पुरता होत नाही. अमात्यांनी कारण वाऱ्याचे दिले आहे. मध्यम नौकेस थोडे पाणी पुरते ही दुसरी बाजू त्यांनी शब्दांत मांडलेली नाही, पण त्यांच्या नियमातून ती आपोआप साधली गेली.

रुंद आणि उथळ नौकेस किंमतही द्यावी लागते. जिचा पठाण, म्हणजे तळाचा कणा, पाण्यात खोल गेलेला नाही ती आडव्या वाऱ्यात बाजूस वाहवत जाते. रिकामी झाली तर तोल राखण्यासाठी तिच्या तळाशी दगड वा वाळूचे नीरम भरावे लागते, आणि नीरम भरले की वाचविलेली डूब काही अंशी परत येते. खुल्या समुद्रात, जोरकस वाऱ्यात, युरोपीय जहाजाशी गुराबेने बरोबरी करावी ही अपेक्षाच गैर आहे. तिचे क्षेत्र किनाऱ्यालगतचे होते, आणि तिचा किल्ला म्हणजे खाडी.

ही गोष्ट 1738च्या डिसेंबरात स्पष्ट दिसून आली. कमोडोर बॅगवेल याने चार जहाजांनिशी संभाजी आंग्र्यांच्या आरमारास विजयदुर्गाबाहेर गाठले. नऊ गुराबा आणि तेरा गलबते किनाऱ्याला चिकटून राजापूरच्या खाडीत शिरली. बॅगवेलने जवळ जाऊन तोफा डागल्या, पण पाण्याखालील मार्ग ठाऊक नसल्याने आत शिरून जहाजे धोक्यात घालण्यास तो धजला नाही. ओहोटीत रुतलेले खोल डुबीचे जहाज कलते, आणि कललेल्या जहाजाच्या तोफांचा उपयोग होत नाही. बॅगवेलची माघार भ्याडपणाची नव्हती, ती हिशेबाची होती. मुंबईकर इंग्रजांना ही अडचण आधीच उमगलेली होती. 1720 साली विजयदुर्गावर नेण्यासाठी त्यांनी 'फ्राम' नावाचा सपाट तळाचा तरंगता तोफखाना बांधला होता, म्हणजे शत्रूच्या उथळपणाला उथळपणानेच उत्तर देऊन पाहिले होते. त्या मोहिमेतही किल्ला हाती आला नाही.

मग 1756च्या फेब्रुवारीत तेच आरमार विजयदुर्गाखाली एका दिवसात जळून कसे गेले? पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली हे राजकीय उत्तर खरे आहे, आणि त्यास बाध आणण्याचे कारण नाही. तथापि राजकीय निर्णयाचे रूपांतर नौका जळण्यात होण्यास पाण्याची अनुकूलता लागते. 1755च्या अखेरीस कमोडोर जेम्स विजयदुर्गाची पाहणी करून आला, आणि मोठ्या जहाजांना किल्ल्याच्या जवळ जाण्याइतकी खोली तेथे आहे, हे त्याने कळविले. या एका माहितीने आधीच्या पन्नास वर्षांचा समज खोटा पडला. अॅडमिरल वॉटसनच्या काफिल्यातील 'केन्ट' 70 तोफांचे होते. अशा भरल्या जहाजास पाच ते सहा मीटर पाणी लागते. 12 फेब्रुवारी 1756 रोजी ते आणि त्याचे सोबती वाघोटणच्या खाडीच्या मुखात शिरले. तुळाजी आंग्र्यांच्या गुराबा किल्ल्याच्या आश्रयास एकत्र बांधून ठेवलेल्या होत्या. पूर्वी कंपनीकडून पकडलेल्या 'रेस्टोरेशन' या जहाजावर तोफगोळा पडून आग लागली आणि ती सर्व आरमारात पसरली. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला.

येथे एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. गुराबांना थोडे पाणी लागत होते, तर त्या खाडीत वर, जेथे 'केन्ट' येऊ शकले नसते अशा ठिकाणी, का नेल्या गेल्या नाहीत? याच खाडीत गिर्ये येथे खडकात खोदलेली गोदी होती, म्हणजे वरचे पाणी आंग्र्यांच्या परिचयाचे होते. याचे उत्तर जमिनीवर शोधावे लागते. रामाजी महादेव पेशव्यांची फौज घेऊन किल्ल्याच्या पाठीशी उतरलेले होते, आणि तुळाजी स्वतः त्यांच्या छावणीत होते. खाडीचा वरचा भाग ज्याच्या काठावर शत्रूचे सैन्य आहे, तो आश्रय राहत नाही. जी उथळ जागा समुद्राकडून अभेद्य, तीच जमिनीकडून बंदुकीच्या टप्प्यात येते. 1738 साली बॅगवेलपाशी किनाऱ्यावरचा मित्र नव्हता, 1756 साली वॉटसनपाशी होता. कमी डुबीचे संरक्षण एकाच दिशेचे असते, आणि तुळाजींवर दोन दिशांनी चाल झाली. हे अनुमान आहे, परंतु ज्ञात घटनाक्रमाशी ते जुळते.

विजयदुर्गाजवळ पाण्याखाली एक दगडी भिंत असल्याचे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी नोंदविले आहे. खोल डुबीची परकी जहाजे तिच्यावर आपटून फुटत आणि मराठ्यांची उथळ गलबते वरून निघून जात, अशी कथा तिच्याभोवती रूढ झाली आहे. कथेतील तत्त्व निर्दोष आहे. भिंतीचा माथा आणि पाण्याचा पृष्ठभाग यांतील अंतर दोन डुबींच्या मध्ये बसले तर असे घडेल. पण ते अंतर भरतीगणिक बदलते, आणि 1756 साली वॉटसनच्या काफिल्यास तिची अडचण झालेली दिसत नाही. भिंतीचे श्रेय लेखी प्रमाणावाचून वाढवू नये.

उरला प्रश्न खंडीचा. मुंबईची खंडी 560 पौंडांची, म्हणजे चार खंडींचा एक इंग्रजी टन. या हिशेबाने 400 खंडींचे गलबत 100 टन भाराचे ठरते, आणि ऑर्मच्या आकड्यांशी कागदांतील आकडे ताडून पाहता येतात. मात्र खंडी गावोगाव निराळी होती. शिवाय धान्याची खंडी हे मापाचे परिमाण होते, वजनाचे नव्हे. भाताची खंडी आणि मिठाची खंडी एकाच गलबतात सारखी जागा घेतील, पण सारखी डूब देणार नाहीत. म्हणून एखाद्या यादीत गलबताच्या नावापुढे खंडींचा आकडा आढळला तर तो कोणत्या बंदराचा, कोणत्या मालाचा आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यातला, या तीन गोष्टी त्याच कागदावरून किंवा त्याच्या जोडकागदांवरून निश्चित कराव्या लागतात. तदनंतरच ते गलबत कोणत्या खाडीत, कोणत्या तिथीच्या भरतीला शिरू शकत होते, हे सांगता येते.