साताऱ्याचे रेसिडेंट ग्रँट डफ आणि त्यांचे घराणे

जेम्स ग्रँट यांचा जन्म 8 जुलै 1789 रोजी स्कॉटलंडमधील बँफ येथे झाला. कोवळ्या वयात ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाले आणि पुढे पुण्याचे रेसिडेंट एल्फिन्स्टन यांच्या हाताखाली आले. 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावर छत्रपती प्रतापसिंह यांना साताऱ्याच्या गादीवर बसवण्यात आले. कारभार मात्र अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या कॅप्टन ग्रँट यांच्याकडे राहिला.

25 सप्टेंबर 1819 च्या तहाने राज्याच्या सीमा ठरल्या: उत्तरेस नीरा-भीमा, दक्षिणेस वारणा-कृष्णा. परराज्यांशी परस्पर संबंध ठेवण्यास महाराजांना मनाई झाली. याच कलमाच्या भंगाचा आरोप ठेवून 1839 मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला धाडले गेले. 1820 मध्ये ग्रँट यांनी औंध, भोर, फलटण, अक्कलकोट, जत इत्यादी जहागीरदारांशी करार केले. त्यांपैकी जत आणि औंधचा आटपाडी महाल आज सांगली जिल्ह्यात आहेत. एप्रिल 1822 मध्ये कारभार महाराजांच्या हाती सोपवल्यावर ढासळत्या प्रकृतीमुळे ते मायदेशी परतले.

‘डफ’ हे आडनाव साताऱ्यात असताना त्यांना नव्हते. आईकडून ईडनची जमीनदारी मिळाली, तेव्हा ते जोडले गेले. 1825 मध्ये त्यांनी जेन एन्स्ली यांच्याशी विवाह केला. पुढच्याच वर्षी मराठ्यांच्या इतिहासाचे तीन खंड निघाले. दप्तरे, बखरी आणि जुन्या घराण्यांचे कागद मिळवण्याची जी सोय रेसिडेंटला होती, ती दुसऱ्या कोणाला नव्हती. ग्रंथाचे बळ त्यातच आहे, आणि दोषही. मराठ्यांच्या उदयाकडे त्यांनी विजेत्याच्या नजरेने पाहिले. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच त्यांच्या चुका दाखवल्या. मराठी इतिहाससंशोधनाला त्या टीकेने मोठी चालना दिली.

थोरल्या मुलाला त्यांनी आपल्या वरिष्ठांचे नाव दिले. हे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ पार्लमेंटचे सभासद आणि 1881 ते 1886 मद्रासचे गव्हर्नर होते. नातवांपैकी आर्थर स्वीडनमध्ये ब्रिटिश वकील झाले. एव्हलिन 1906 मध्ये तेहरानच्या वकिलातीचा कारभार पाहत होते. घटनात्मक राज्याची मागणी करणारे हजारो इराणी तेव्हा त्या आवारात आश्रयाला आले होते. तिसरे, एड्रियन, सैन्यात गेले आणि सप्टेंबर 1914 मध्ये फ्रान्समध्ये एनच्या लढाईत मारले गेले.

जेम्स 1858 मध्ये वारले. त्यांनी बसवलेले साताऱ्याचे राज्य त्याआधीच, 1849 मध्ये, कंपनीने खालसा केले होते.