ऑफिसमधले स्विच एकमेकांना कसे जोडावेत?

ऑफिस वाढते तसे नेटवर्कचे स्विचही वाढतात. सुरुवातीला एक स्विच पुरतो. माणसे वाढली की दुसरा येतो आणि पहिल्याच्या मोकळ्या पोर्टला जोडला जातो. तिसरा दुसऱ्याला, चौथा तिसऱ्याला. ही रचना कुणी विचार करून ठरवलेली नसते, पण नेटवर्क किती वेगाने चालेल आणि एक स्विच बंद पडल्यावर किती जणांचे काम थांबेल, हे तिच्यावरच ठरते.

साखळी रचना

एकामागे एक स्विच जोडले की साखळी तयार होते. केबल कमी लागते आणि खर्चही कमी येतो. पण अडचणी दोन आहेत.

पहिली वेगाची. समजा, चार स्विच आहेत, प्रत्येकावर २० संगणक आहेत आणि सर्व्हर व इंटरनेट पहिल्या स्विचला जोडलेले आहेत. मग उरलेल्या तीन स्विचवरील ६० संगणकांची सगळी वाहतूक पहिल्या व दुसऱ्या स्विचमधल्या एकाच केबलवरून जाते. ती १ गिगाबिटची असेल, तर सगळे एकदम काम करताना प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १६ मेगाबिट येतात.

दुसरी अडचण बिघाडाची. दुसरा स्विच बंद पडला, तर तिसरा आणि चौथा चांगले असूनही सर्व्हर व इंटरनेटपासून तुटतात.

तारा रचना

या रचनेत एक मध्यवर्ती स्विच असतो आणि बाकीचा प्रत्येक स्विच स्वतंत्र केबलने थेट त्याला जोडलेला असतो. सर्व्हर आणि राउटरही मध्यवर्ती स्विचवरच असतात. वरच्या उदाहरणात आता प्रत्येक केबलवर २० संगणकांचाच भार येतो, म्हणजे प्रत्येकाला ५० मेगाबिट मिळतात. एका मजल्यावरचा स्विच बिघडला तर तेवढ्याच मजल्याचे काम थांबते.

मध्यवर्ती स्विच बंद पडला तर मात्र सगळेच थांबते. म्हणून तो चांगल्या दर्जाचा घ्यावा, यूपीएसवर ठेवावा आणि शक्य असल्यास तसाच एक जादा स्विच कपाटात तयार ठेवावा.

वळसा आणि त्याचा धोका

‘एक केबल तुटली तर दुसरी असावी’ म्हणून काही जण शेवटचा स्विच पुन्हा पहिल्याला जोडतात. त्यामुळे वळसा, म्हणजे लूप तयार होतो. इथरनेटच्या फ्रेमवर ‘इतक्या टप्प्यांनंतर टाकून द्या’ असा आकडा नसतो. त्यामुळे सर्वांसाठी पाठवलेला संदेश वळशात फिरत राहतो, त्याच्या प्रती वाढत जातात आणि काही सेकंदांत सगळे नेटवर्क ठप्प होते. भिंतीवरच्या दोन पोर्टमध्ये एकाच केबलची दोन्ही टोके चुकून खोचली, तरी हेच घडू शकते.

यावर उपाय म्हणजे स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल. रेडिया पर्लमन यांनी तो १९८५ मध्ये तयार केला. स्विच आपसांत संदेश पाठवून वळसा ओळखतात आणि जादा वाट बंद ठेवतात. मुख्य वाट तुटली की ती उघडते. जुन्या पद्धतीत याला ३० ते ५० सेकंद लागत. २००१ मध्ये आलेल्या रॅपिड स्पॅनिंग ट्रीमध्ये हे काम सहसा काही सेकंदांत किंवा त्याहून लवकर होते. स्वस्त, अनमॅनेज्ड स्विचमध्ये ही सोय बहुधा नसते.

पण या सोयीलाही मर्यादा आहेत. नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेतील बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटरचे नेटवर्क कोलमडले. वर्षानुवर्षे तुकड्यातुकड्यांनी वाढलेल्या त्या नेटवर्कमधील स्विचची रांग स्पॅनिंग ट्रीच्या मूळ शिफारशीतील ७ टप्प्यांच्या पुढे गेली होती. सुमारे चार दिवस रुग्णालयाला कागदावर काम करावे लागले.

निवड कशी करावी?

• दोनच स्विच असतील तर ते सरळ एकमेकांना जोडा.
• तीन किंवा अधिक असतील तर तारा रचनाच करा.
• स्विचमधील तांब्याच्या केबलची लांबी १०० मीटरच्या आत ठेवा. त्यापुढे किंवा दोन इमारतींमध्ये फायबर वापरा. काचेतून वीज वाहत नसल्याने विजांच्या कडकडाटात तिचा धोका कमी असतो.
• काम थांबणे परवडणारच नसेल, तर दोन मध्यवर्ती स्विच घ्या आणि मजल्यावरचा प्रत्येक स्विच दोन्हींना जोडा. यासाठी स्पॅनिंग ट्री असलेले मॅनेज्ड स्विचच हवेत.
• कोणता पोर्ट कुठे जातो याचा नकाशा काढून स्विचच्या रॅकवर चिकटवा.

आधीच साखळी झाली असेल, तर सगळे एकदम बदलायची गरज नाही. जास्त संगणक असलेल्या स्विचपासून सुरुवात करा. त्याची आधी जुनी केबल काढा, मगच मध्यवर्ती स्विचकडून आलेली नवी जोडा. हा क्रम उलटा झाला तर दोन्ही केबल जोडलेल्या असताना वळसा तयार होतो.