बापाचं देणं पोरानं किती फेडायचं?

वडील वारले, त्यांच्यावर कोर्टाचा पैशाचा हुकूमनामा होता. आता पोराच्या पगारावर जप्ती येणार का? भीती आजची, प्रश्न जुना.

धर्मशास्त्र सांगायचं, मुलानं व्याजासकट फेडावं, नातवानं फक्त मुद्दल. जुगार-दारूचं देणं पोरावर नाही. वर दामदुपट, म्हणजे व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागायचं नाही. मुंबई इलाख्यात मात्र वारशात दमडी न मिळालेल्या पोरावरही बापाचं देणं यायचं. १८६६ साली कायदा आला: जेवढी मालमत्ता मिळाली, तेवढ्यापुरतंच देणं.

आता गंमत बघा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं नोंदणी नसलेल्या रोख्यावर तीन वर्षांत दावा लावावा लागे. मग सावकार मुदत संपायच्या आत नवा रोखा लिहून घ्यायचा. थकलेलं व्याज मुद्दलात, दामदुपटीचं मीटर परत शून्यावर. आम्ही कोडिंगवाले याला लूप म्हणतो. आणि बापाच्या रोख्याऐवजी पोरानं आपला अंगठा दिला, की देणं त्याचं स्वतःचं. १८६६ चं संरक्षण गेलं की राव!

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखेच जाळले. राग कागदावर होता, आणि मला तो अगदी बरोबर वाटतो. १८७९ च्या कायद्यानं पुणे, सातारा, सोलापूर, नगरमध्ये पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याची अटक थांबली; खास गहाण न टाकलेली जमीनही वाचली. आपलं कोल्हापूर तेव्हा संस्थान, त्यामुळे यादीत नाही.

आज कसबा बावड्याच्या कोर्टात वसुलीची दरखास्त लागली, तर १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५० तेच १८६६ चं सांगतं. कलम ६० प्रमाणे स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, शेतीची अवजारं, मंगळसूत्र जप्त होत नाही. ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जासाठी हिंदू मुलाचं 'धर्म म्हणून फेड' हे बंधनही गेलं. पण वारशाचा प्लॉट परस्पर विकून हिशेब देता आला नाही, तर तेवढ्या रकमेला स्वतःचा खिसा लागतो.

म्हणून वसुलीवाला दारात येऊन "फक्त इथं सही करा" म्हणाला, तर आधी कागद वकिलाला दाखवा. धनकोला घाई नाही, हुकूमनामा बजावायला त्याच्याकडे बारा वर्षं असतात.