‘रेफ्युजी’ नव्हे, ‘डिस्प्लेस्ड’

उल्हासनगरात पत्ता लिहिताना आजही ‘बीके नंबर’ लिहितात. बीके म्हणजे बॅरेक. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं तिथे उतरली आणि सैनिकांच्या बराकीत संसार थाटले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या शहराची कोनशिला बसली. कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं.

जागेला नाव मिळालं, पण माणसांना काय म्हणायचं?

मराठीत त्यांना निर्वासित म्हणत, हिंदीत शरणार्थी. हा ‘शरण’ अनेकांना बोचे. आम्ही शरण आलेलो नाही, कष्टाने उभे राहणारे ‘पुरुषार्थी’ आहोत, असं ते ठणकावून सांगत. पण अर्ज, दाखले आणि कायदे इंग्रजीत होते, आणि तिथल्या शब्दावर घर-जमीन अवलंबून होती. मुंबई सरकारच्या १९४८च्या कायद्याच्या नावातच ‘रेफ्युजीज’ होतं. त्याने नोंदणी सक्तीची केली. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने मात्र पाकिस्तानातून ‘स्थलांतर केलेल्या’ व्यक्ती असा साधा शब्द वापरला.

केंद्राने १९५० आणि १९५४चे कायदे केले ते ‘डिस्प्लेस्ड पर्सन्स’साठी. युद्धानंतरच्या युरोपात बेघरांच्या छावण्यांमुळे हा शब्द रुळलेला होता. रेफ्युजी म्हणजे आसरा मागणारा. डिस्प्लेस्ड म्हणजे ज्याला जागेवरून हलवलं गेलं तो. पहिल्यापुढे दयेचा प्रश्न येतो, दुसऱ्यापुढे हक्काचा. म्हणूनच सिंधमधल्या घरादाराबद्दल तो ‘क्लेम’ करू शकत होता.

१९५४च्या कायद्यातली व्याख्या बारकाईने वाचण्यासारखी आहे. १ मार्च १९४७ नंतर, दोन राष्ट्रं झाल्यामुळे, दंगलींमुळे किंवा दंगलींच्या भीतीमुळे, तेव्हा पश्चिम पाकिस्तानात असलेल्या भागातलं राहतं घर ज्याने सोडलं किंवा ज्याला सोडावं लागलं, आणि जो पुढे भारतात राहिला, तो डिस्प्लेस्ड.

यातला ‘भीती’ हा शब्द सिंधी माणसासाठी लाखमोलाचा होता. पंजाबएवढा रक्तपात सिंधमध्ये झाला नव्हता. जानेवारी १९४८मध्ये कराचीत दंगल झाली, पण पुष्कळांनी त्याआधीच, पुढे काय होईल या धास्तीने, बोटी आणि गाड्या पकडल्या होत्या. व्याख्येत फक्त दंगलच असती, तर त्यांनी आपण विस्थापित आहोत हे सिद्ध कसं केलं असतं? अंगावर जखम नसलेल्या माणसाची भीतीही खरी असते, हे या एका शब्दाने कायद्यात नोंदवलं. मसुदा लिहिणाऱ्याची नजर इथे दिसते.

१९५० आणि १९५४चे हे कायदे २००५ साली रद्द झाले. पुढच्याच वर्षी उल्हासनगरसाठी विधिमंडळाने आणखी एक कायदा केला, अनधिकृत बांधकामं नियमित करण्याचा. बराकींच्या जागी उभ्या राहिलेल्या शहराच्या कपाळी आता ‘अनऑथोराइज्ड’ हा शब्द आला.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात ज्यांच्या घरी आजोबांच्या क्लेमचे कागद असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. त्यांवर आपल्या माणसांना कोणत्या शब्दाने ओळखलं आहे, ते एकदा शांतपणे वाचावं आणि मुलांनाही दाखवावं.